दादाचा पिठ्ठू

या व्याख्यानमालेत माझ्याआधी जी मंडळी बोलून गेली ती आपापल्या विषयातली जाणकार होती. माझं तसं नाही. मी सातारा जिल्ह्यात मास्तरकी करतो. दरवर्षी परीक्षा संपली की तीन-चार मुलं घरी येतात. "सर, भारत बघायला निघालोय, बॅकपॅकिंग करणार. काय काय न्यावं?" मी त्यांना यादी सांगतो. दोनच कपडे, टॉर्च, ओआरएसची पाकिटं, चपला वेगळ्या, पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा. मुलं लिहून घेतात आणि जातात. त्या यादीत बसत नाही अशी एक गोष्ट मी त्यांना कधी सांगत नाही. ती आज सांगणार आहे, कारण आज मी ज्या रस्त्यावर येऊन बोलतोय, त्या कोपर्निकस मार्गावरच ती घडली.

हा रस्ता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मंडी हाऊसच्या चौकातून निघतो आणि इंडिया गेटच्या वर्तुळाला जाऊन मिळतो. चालत पंधरा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. या टोकाला कमानी सभागृह, दूरदर्शन भवन; मध्ये आपलं जुनं महाराष्ट्र सदन; आणि त्या टोकाला बडोदा हाऊस. गायकवाडांचा वाडा, ल्यूटन्सने बांधलेला. आता तिथं उत्तर रेल्वेचं मुख्यालय आहे. पृथ्वी फिरते असं सांगणाऱ्या माणसाचं नाव रस्त्याला आणि रस्त्याच्या टोकाला रेल्वे. भटक्या माणसाला आणखी काय पाहिजे!

तर, मे १९९९. आम्ही चौघं, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा दिलेले. चौघांतल्या कुणीही पुण्याच्या पलीकडे पाऊल टाकलेलं नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात मला काका कालेलकरांचं 'हिमालयातील प्रवास' सापडलं होतं. कालेलकर मूळचे आमच्या साताऱ्याचे, १८८५ चा जन्म. पुस्तक त्यांनी लिहिलं मात्र गुजरातीत, मराठीत ते नंतर आलं. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणायचे ते उगाच नाही. बडोद्याला ते ज्या गंगनाथ विद्यालयात शिकवत होते, ते सरकारच्या दडपणामुळे बंद पडलं. मग १९१२ साली ते हिमालयात निघाले. सोबत दोन मित्र, स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर. तिघं पायी हिंडले. ते वाचून माझ्या डोक्यात खूळ शिरलं आणि ते मी बाकीच्या तिघांच्या डोक्यात भरवलं.

बॅकपॅक हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. मी पिशवीला दोऱ्या लावल्या होत्या, एकाकडे एनएसएसच्या शिबिराची सॅक होती. खरी वस्तू एकाकडेच होती. त्याचा थोरला भाऊ फौजेत. भावाचा जुना पिठ्ठू त्याच्याकडे होता. हिरवा, जाड कापडाचा, पट्टे झिजून मऊ झालेला. साताऱ्याकडं हे काही नवल नाही. आमच्याकडे अपशिंगे नावाचं गाव आहे, लोक त्याला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. माझ्या मित्राचं गाव ते नव्हे, पण रीत तीच. वडील फौजेतून निवृत्त, भाऊ फौजेत, आणि धाकट्यानं शिकावं असं ठरलेलं. तोच आमचा खजिनदार. चौघांचे मिळून सात हजार दोनशे रुपये आणि लाल पाठीची एक वही. पाच पैशांचा फरक पडला तर रात्री झोपू द्यायचा नाही.

बेत असा होता: पुण्याहून झेलम एक्स्प्रेस, दिल्लीत दोन दिवस, मग तीच गाडी धरून जम्मू. तिथं छावणीत दादाला भेटायचं आणि येताना हरिद्वारवरून वर डोंगरात. गाडीत बसलो तेव्हाच काहीतरी वेगळं दिसत होतं. डब्यात अर्धे लोक रजेवरून परत बोलावलेले जवान. ट्रंका, वळकट्या, बायकांनी बांधून दिलेले डबे. कुणी फारसं बोलत नव्हतं. एका नगरच्या हवालदारांनी आम्हाला विचारलं, "कुठं निघाला?" मित्र म्हणाला, "जम्मूला, दादाला भेटायला." ते म्हणाले, "आत्ता नका जाऊ पोरांनो." एवढंच. पुढं भुसावळला त्यांनी आम्हाला केळी घेऊन दिली.

दुसऱ्या रात्री दिल्लीत उतरलो, पहाडगंजला एका खोलीत चौघं झोपलो. उन्हाळ्यातली दिल्ली काय असते ते मी सांगत बसत नाही. दुपारी बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात लंगरमध्ये जेवलो आणि सरोवराच्या कडेला सावलीत पडून राहिलो. संध्याकाळी आम्हाला वरण-भाताची आठवण आली, म्हणून विचारत विचारत सदनात आलो. तारीख २७ मे. जेवताना टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कारगिलच्या डोंगरात आदल्या दिवसापासून हवाई दल उतरलं होतं आणि त्या दिवशी आपली दोन लढाऊ विमानं गेली होती. माझा मित्र हातातला घास तसाच धरून बसला.

बाहेर मंडी हाऊसकडे एक एसटीडी बूथ होता. त्याच्या गावात फोन फक्त किराणा दुकानात. आईला बोलावून आणायला दहा मिनिटं, म्हणून एकदा फोन करून ठेवायचा आणि पुन्हा लावायचा. तो काचेच्या आत, आम्ही तिघं बाहेर, मीटरचे आकडे पळताना बघत. तो बाहेर आला आणि म्हणाला, "दादाचं युनिट वर गेलंय. पंधरा दिवस पत्र नाही. आई एकच इचारती, तू कुठं हाईस, तू कुठं हाईस."

आम्ही चालत इंडिया गेटपर्यंत गेलो. तिथं अमर जवान ज्योती तेव्हा कमानीखालीच होती. शेजारचं राष्ट्रीय युद्ध स्मारक व्हायला अजून वीस वर्षं होती, ते २०१९ चं. कमानीवर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत, इंग्रजांच्या लढायांत गेलेल्यांची. मित्र त्या दगडावर आपल्याकडची नावं शोधत होता. आडनावं ओळखीची निघतात, ते बघून बरं वाटत नाही.

हिरवळीवर बसून तो म्हणाला, "मी उद्या परत जातो."

आणि इथं मी जे बोललो ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "तू जाऊन तिथं काय करणार? तुझ्या जाण्यानं पत्र येणार आहे का?" वर कालेलकरांचाही दाखला दिला, तिघं एकत्र हिंडले म्हणून! मला वाटत होतं मी त्याला धीर देतोय. खरं म्हणजे मला माझा हिमालय जाताना दिसत होता. बाकीचे दोघं गप्प होते. त्यांना काय वाटत होतं ते मी त्यांना पुढं कधी विचारलं नाही.

तो भांडला नाही. रस्त्याच्या दिव्याखाली उभं राहून त्यानं वही काढली, त्या दिवसापर्यंतचा हिशेब पुरा केला, खाली रेघ मारली आणि पैसे माझ्या हातात मोजून दिले. "माझ्या तिकिटाचं आन् एसटीचं तेवढं घेतलंय." मग पिठ्ठू रिकामा केला, आपले कपडे माझ्या दोरीच्या पिशवीत भरले आणि पिठ्ठू मला दिला. "तुमी वर जाणार. ही पिशवी फाटंल तुझी."

दुसऱ्या दिवशी त्याला जनरलच्या डब्यात खिडकीतून आत ढकलला. सत्तावीस-अठ्ठावीस तासांचा प्रवास, एकटा, मे महिन्यात. आमच्यातल्या एकानं तरी बरोबर जायला हवं होतं. तेव्हा कुणाच्या तोंडून तो शब्द निघाला नाही, माझ्या तर नाहीच.

हरिद्वार, ऋषिकेश मी पटकन ओलांडतो. ती वर्णनं तुम्ही ऐकलेली आहेत. रुद्रप्रयागवरून उखीमठ आणि मग चोपता. त्या भागात दोनच महिन्यांपूर्वी, मार्चअखेरीस, चमोलीचा मोठा भूकंप झाला होता. घरांच्या भिंतींना हात जाईल अशा भेगा, काही लोक अजून ताडपत्रीखाली. बसमध्ये, दुकानात, सगळीकडं रेडिओ कारगिलवर लावलेला. मला वाटत होतं फौज म्हणजे आमच्या साताऱ्याची मक्तेदारी. इथं तर प्रत्येक दुसऱ्या घरात गढवाल रायफल्स.

चोपत्याहून तुंगनाथ साडेतीन किलोमीटर चढ, उंची बारा हजार फूट. चढायच्या आधी वाटेवर एका म्हातारीची चहाची टपरी होती. तिनं माझ्या पाठीकडं बघितलं आणि विचारलं, "फौजी हो?"

मी म्हणालो, "नहीं. भाई का है।"

का म्हणालो? मित्राचा भाऊ, हे दोन शब्द जास्त होते एवढंच? तेव्हा मी स्वतःला तसंच सांगितलं. तिनं विचारलं, "कहाँ है भाई?" मी म्हणालो, "कारगिल." तिनं चहा दिला, बिस्किटाचा पुडा दिला आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, "माझाही तिकडंच आहे." तिनं माझ्या पिठ्ठूचा पट्टा नीट बसवला, जसा घरातून निघताना कुणाचा तरी बसवला असेल तसा. बाकीचे दोघं माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घालून चढायला लागलो. वर देऊळ आहे, बर्फाची शिखरं दिसतात, सगळं पुस्तकात होतं तसंच होतं. माझं लक्ष नव्हतं.

त्या रात्री वहीत मी लिहिलं: चहा, तीन, ०.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही परतलो. मी घरी न जाता थेट त्याच्या गावी गेलो. तो शेतात होता. दादाचं पत्र आलं होतं, दोनच ओळींचं. पण युद्ध संपलं नव्हतं. ते जुलैअखेरपर्यंत चाललं आणि त्यात आपले पाचशे सत्तावीस जवान गेले. दादा त्यांत नव्हता. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र हे कुणालाच माहीत नव्हतं.

मी पिठ्ठू दिला, वही दिली, माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून आणली होती. त्यानं ती बोलूच दिली नाहीत. बांधावर बसून पेन्सिलीनं हिशेब तपासायला लागला. त्याच्या रेघेखालचं सगळं माझ्या अक्षरात. चौदा रुपयांची चूक सापडली, तीही ऋषिकेशच्या धर्मशाळेच्या बेरजेत. मग बोट थांबलं.

"ह्यो शून्य कशाचा?"

मी सांगितलं. काय बोललो ते, म्हातारी काय म्हणाली ते, सगळं. तो बराच वेळ वहीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "दादाला सांगू नगंस. त्यो म्हनंल, जा परत आन् पैसं दिऊन ये."

दादा दिवाळीला रजेवर आला तेव्हा मी भेटायला गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो तसंच म्हणाला. पुढच्या मे महिन्यात आम्ही दोघं चोपत्याला गेलो, मी आणि माझा मित्र. टपरी होती, म्हातारी होती, तिचा मुलगाही रजेवर आलेला होता. पैसे तिनं तेव्हाही घेतले नाहीत.