लष्करी छावणीतील संसार

महालातल्या कोणत्याही जुन्या वाड्यात शिरा. भिंत कोणाची, जिना कोणाचा आणि विहिरीवर पाणी भरण्याचा अधिकार कोणाचा, याचा काही ना काही इतिहास तेथे निघतोच. तो कधी कागदावर असतो, कधी वृद्धांच्या तोंडी, तर कधी कोर्टाच्या दप्तरात. घर म्हणजे केवळ आसरा नव्हे, तर हक्कही होय, ही गोष्ट वाड्यात वाढलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणूनच आज ज्या वस्त्यांविषयी मी बोलणार आहे त्यांची कथा महालकरांस अधिक लवकर उमगेल असे वाटते. या वस्त्या लढाईकरिता उभारल्या गेल्या आणि लढाई संपल्यावर त्यांत बायकामुले व म्हातारी माणसे राहावयास आली.

युद्धासाठी केलेली सोय शांततेच्या काळी उपयोगी पडावी यात नवल नाही. धावपट्टीला विमान लष्कराचे की टपालाचे याचे सोयरसुतक नसते. महायुद्धात लष्कराने वापरलेल्या आपल्या सोनेगावच्या विमानतळावर १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आल्या वाटेने परत जात. त्यासाठी धावपट्टीचे स्वरूप पालटावे लागले नाही. बराकीचे मात्र तसे नव्हे. बराक ज्याच्याकरिता बांधतात तो मनुष्य संसार घरी ठेवून आलेला असतो. त्याला एक खाट, एक पेटी आणि हजेरीपुरता एक क्रमांक पुरतो. त्याचे जेवण दुसरा कोणी शिजवतो, आणि तो तेथे किती दिवस राहील हे तिसराच कोणी ठरवतो. अशा इमारतीत चूल, देवघर, बाळंतिणीची खोली यांना जागा कोठून असणार?

मुंबईपासून सुमारे ५८ किलोमीटरांवर, कल्याणनजीक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक विस्तीर्ण लष्करी छावणी उभी राहिली. सैनिकांना एका आघाडीवरून दुसरीकडे नेताना मध्ये ठेवून घेण्याचे ते ठिकाण होते. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. पुष्कळ बराकींत मध्ये लांबच लांब दालन आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी रचना होती. युद्ध संपले, सैनिक गेले आणि छावणी ओस पडली. इतक्यात १९४७ ची फाळणी झाली.

सिंधी बांधवांवर आलेला प्रसंग इतरांहून काहीसा निराळा होता. पंजाब आणि बंगाल यांचे दोन तुकडे झाले. दुःख मोठे, परंतु त्यांतला एक तुकडा तरी भारतात उरला. सिंध प्रांत मात्र सबंधच पाकिस्तानात गेला. तेथून आलेल्या हिंदूंना ‘आपला प्रांत’ म्हणून बोट दाखविण्यास जागाच राहिली नाही. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर तर बोटींमागून बोटी माणसांनी भरून मुंबईच्या बंदरास लागू लागल्या. मुंबई सरकारने त्यांना ठिकठिकाणच्या छावण्यांत ठेवले, आणि त्यांत कल्याणची छावणी मोठी होती.

सैनिकांच्या त्या लांब दालनात अनेक कुटुंबे शेजारी शेजारी राहू लागली. मध्ये भिंत नव्हती. गोणपाट, चादरी, जुन्या साड्या दोरीवर टांगून एका घराची हद्द दुसऱ्या घरापासून वेगळी केली जाई. पडद्याने दृष्टी अडते, आवाज अडत नाही. शेजारच्या मुलाचा खोकला, नवराबायकोचे कुजबुजलेले भांडण, मागे राहिलेल्या घराच्या आठवणीने रात्री कोणाला फुटलेला हुंदका, हे सारे पलीकडे ऐकू जाई. ज्या स्त्रियांनी हैदराबाद-सिंधमध्ये किंवा शिकारपुरात स्वतःच्या ओसरीबाहेर क्वचितच पाऊल टाकले असेल, त्यांना आता सार्वजनिक नळावर आणि सार्वजनिक संडासापुढे रांगेत उभे राहावे लागले. निर्वासितांच्या कष्टांची वर्णने करताना आपण प्रवासाचे हाल पुष्कळ सांगतो. प्रवास संपल्यानंतरचे हे हाल सांगण्याचे बहुधा राहून जाते.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीची कोनशिला बसली, आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नाव मोठे आनंदाचे, यात संशय नाही. परंतु पडद्याच्या जागी विटांची भिंत घालावयाची तर ती भिंत ज्या जमिनीवर उभी राहील ती जमीन कोणाची, या प्रश्नाचे उत्तर नावाने मिळत नाही. सिंधमध्ये सोडून आलेल्या मालमत्तेचे दावे तपासून नुकसानभरपाई देण्याचा कायदा १९५४ साली झाला. त्यानंतर राहती जागा भरपाईत वळती करून घेण्याची अथवा हप्त्याने विकत घेण्याची वाट मोकळी झाली. पण दावा सिद्ध करावयास कागद हवे, आणि जीव घेऊन पळालेल्या माणसाने कागद आणले असतील तर तो भाग्यवानच म्हणावयाचा! शिवाय कुटुंबे वाढत होती, धंदे वाढत होते. कोणी पापड लाटले, कोणी लाकूडसामानाचे दुकान घातले, कोणी कापड शिवले. बराकीपुढे ओटा आला, ओट्यावर छप्पर आले, छपरावर माडी आली. नगरपालिका १९६० मध्ये स्थापन झाली. तोवर पुष्कळशा भिंती नगररचनाकारांची वाट न पाहता उभ्या राहिल्या होत्या.

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावचा इतिहास याच जातीचा आहे. तेथील छावणी सैनिकांची नव्हती, तरी युद्धानेच ती वसविली. रशियाने सैबेरियाकडे हद्दपार केलेल्या पोलिश स्त्रिया व मुले, सुमारे ५,००० जण, इराणमार्गे येऊन १९४३ ते १९४८ पर्यंत तेथे राहिले. ते गेल्यावर त्याच घरांत सिंधी निर्वासित आले. आज त्या वस्तीला गांधीनगर म्हणतात, आणि घाऊक कापडासाठी लांबलांबचे व्यापारी तेथे जातात.

जर्मनीत हाच प्रश्न आपल्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी उपस्थित झाला. महायुद्धानंतर तेथे ठाण मांडून बसलेल्या अमेरिकन फौजेने आपल्या सैनिकांच्या कुटुंबांकरिता सबंध वसाहती बांधल्या होत्या; शाळा, प्रार्थनामंदिरे, दुकाने, सर्व काही त्यांत होते. फौज हायडेलबर्ग शहरातून २०१३ साली गेली. मानहाइम येथील ‘बेंजामिन फ्रँकलिन’ वसाहतीची जमीन नगरपालिकेने मध्यवर्ती सरकारकडून विकत घेतली, आराखडा केला, काही जुन्या इमारती राखल्या, काही पाडल्या आणि मग नागरिकांना घरे दिली. आधी मालकी, मग नकाशा, मग माणूस, असा हा क्रम. तो हेवा वाटण्यासारखा आहे खरा. परंतु त्याच जर्मनीत हायडेलबर्गच्या ‘पॅट्रिक हेन्री’ वसाहतीत परदेशांतून आलेल्या निर्वासितांना उतरविण्याची निकड लागली, तेव्हा तो क्रम तेथेही मोडला. निर्वासितांचे केंद्र अन्यत्र हलवून त्या जागी नवे उपनगर वसवावे असा शहराचा बेत होता. केंद्रासाठी सुचविलेली दुसरी जागा नागरिकांनी २०२१ मध्ये मतदान करून नाकारली. म्हणजे जेथे पैसा आणि सवड दोन्ही आहेत तेथेही रिकाम्या बराकीचा धनी कोण, हे चटकन ठरत नाही.

उल्हासनगरास सवड कधीच मिळाली नाही. मुंबईच्या उच्च न्यायालयाने तेथील ८५५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला तेव्हा शहरभर हाहाकार उडाला, आणि २००६ साली केवळ त्या एका शहरासाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा राज्याला करावा लागला. याला कोणी कायदेभंगास दिलेले बक्षीस म्हणतात. मला ते मत पटत नाही. ज्यांना सरकारनेच बराकीत आणून बसविले आणि मालकीचा कागद देताना वर्षानुवर्षे ताटकळत ठेवले, त्यांच्या नातवंडांना कागद विचारताना आवाज थोडा खाली असावा. मात्र तसे म्हणताना दुसरी बाजूही लपविता येत नाही. मे २०२१ मध्ये तेथे दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून घरात बसलेली माणसे दगावली. दंड भरून मिळालेल्या नियमित दाखल्याने कच्चा स्लॅब पक्का होत नाही.

आपल्या शहरातील सिंधी वस्तीस जरीपटका म्हणतात. मराठ्यांच्या फौजेपुढे चालणाऱ्या निशाणाचे ते नाव; ते आता एका गजबजलेल्या बाजारपेठेचे झाले आहे आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नाही. उल्हासनगरात लष्कराची खूण याहून उघड आहे. तेथील भाग अजून कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच ओळखले जातात, आणि कित्येक बराकी पाडून त्यांवर पाच-पाच मजले चढले असूनही लग्नपत्रिकेवर पत्ता छापताना बराक नंबर घालावा लागतो. नाही तर पाहुणे चुकतात.