वारा, लाटा आणि भूमी
(नभोवाणीवरील भाषण)

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दरवाजे. त्यांपैकी पूर्वेकडचा तो पाणीगेट. नावात पाणी असले, तरी समुद्र येथून दृष्टीस पडत नाही. या दरवाज्यातून बाहेर पडून पूर्वेची वाट धरणाऱ्या वाटसरूला पावागडचा कठीण खडक भेटेपर्यंत बहुतेक मातीच माती लागते. ही एवढी माती येथे आली कोठून?

बडोद्याजवळ रायका येथे मही नदीच्या काठी मातीचे उंच कडे उभे आहेत. त्यांत या प्रश्नाचे उत्तर थराथरांनी लिहिलेले आहे. खालचे थर नदीने आणलेल्या वाळूचे व गोट्यांचे. सर्वांत वरचा बारीक मातीचा थर मात्र वाऱ्याने आणून टाकलेला. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवर कडक हिमकाळ होता. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली गेली होती आणि आज जेथे खंबायतचे आखात आहे, तेथे कोरडी जमीन होती. पाऊस मंदावला, झाडोरा विरळ झाला आणि वाऱ्याला मोकळे रान मिळाले. वाऱ्याची रीत अशी, की जाड कण जमिनीलगत उड्या मारीत जातात, बारीक धूळ उंच चढून दूर जाते. आणि वेग ओसरला म्हणजे ओझे खाली टाकले जाते.

पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि आखात भरले. तेथे लाटांपेक्षा भरती-ओहोटीचा जोर अधिक. भावनगरजवळ मोठ्या उधाणाला या दोहोंच्या पातळ्यांत १० मीटरांच्या आसपास अंतर पडते. नद्यांचा गाळ हे पाणी सतत ढवळते आणि उचलून दुसरीकडे ठेवते. जहाँगीर बादशहा १६१७ साली समुद्र पाहावयास मुद्दाम खंबायतला गेला होता; परंतु ते नामांकित बंदर तेव्हाच गाळाने उथळ होऊ लागले होते. पुढे व्यापार सुरतेकडे वळला. जे शत्रूच्या सैन्याला साधले नसते, ते गाळाने केले.

लाटांचे खरे कर्तृत्व पाहावयाचे तर बडोद्यातील कित्येक मराठी घराण्यांची मुळे ज्या कोकणात आहेत, तेथे जावे लागते. उथळ पाण्यात आलेली लाट वळते. समुद्रात शिरलेल्या भूशिरावर तिचा मारा एकवटतो, उलट खाडीच्या कुशीत तो विखुरतो. म्हणूनच भूशिरे झिजतात आणि त्यांच्यामधील कुशीत वाळूची पुळण साचते. हरिहरेश्वराच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी कापून सपाट केलेला खडक आहे. त्याच्या कड्यांवर वाऱ्याने उडवलेल्या खाऱ्या तुषारांतील मिठाने मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत.

पुळणीचाही एक हिशेब असतो. पावसाळ्यातील उंच लाटा वाळू ओढून नेतात आणि उन्हाळ्यापर्यंत शांत लाटा ती परत आणतात. कोरडी वाळू वारा मागे लोटतो आणि तिच्या टेकड्या होतात. त्या टेकड्या म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. वादळ आले, की लाट आपला जोर या वाळूवर खर्च करते आणि मागची घरे व माड वाचतात. वाळूच उपसली किंवा टेकडी सपाट केली, तर ही शिल्लक संपते. मग दगडी बांध घातला जातो. परंतु बांधावर आदळलेली लाट परतताना त्याच्या पायथ्याची वाळू उकरते आणि शेजारच्या गावाचा किनारा खचू लागतो.

किनारपट्टीच्या रक्षणाचे नियम भारत सरकारने १९९१ साली केले. २०१९ च्या नियमावलीत मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरांऐवजी ५० मीटर ठेवण्याची तरतूद झाली. माणसाने रेषा बदलली म्हणून लाट आपली चाल बदलत नाही.

वाळूच्या टेकडीवर गुलाबी-जांभळ्या फुलांची एक वेल पसरते. तिची मुळे वाऱ्यावर उडणारी वाळू धरून ठेवतात. कोकणात तिला मर्यादवेल म्हणतात. समुद्राने कोठे थांबावे, हे ती सांगते, असा या नावाचा अर्थ घेण्याची रीत आहे. माणसाने कोठे थांबावे, हेही त्याच नावातून वाचता येते.