इंग्रजी वाक्यातील काळाची निवड

इंग्रजी क्रियापद स्वतःचे रूप बदलून दोनच काळ दाखवते: वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ‘विल’चा, पूर्ण आणि चालू काळांसाठी ‘हॅव’ व ‘बी’ यांचा आधार घ्यावा लागतो. शाळेतला बारा काळांचा तक्ता या जोडण्यांतूनच तयार होतो. रूपे कशी बनवायची हे तो नीट शिकवतो. कोणते रूप कुठे योजायचे, हा त्यापुढचा आणि खरा अवघड प्रश्न.

या प्रश्नाची उत्तम उकल हान्स रायशेनबाख या जर्मन तत्त्वज्ञाने १९४७ साली मांडली. प्रत्येक काळामागे तीन क्षण असतात: बोलण्याचा, घटनेचा आणि ज्या क्षणावरून घटनेकडे पाहिले जाते तो संदर्भक्षण. साध्या भूतकाळात संदर्भक्षण घटनेजवळच असतो. पूर्ण वर्तमानकाळात घटना मागे पडलेली असते, पण तिच्याकडे आजच्या क्षणावरून पाहिले जाते. पूर्ण भूतकाळात हा संदर्भक्षणही भूतकाळातच असतो, मात्र घटनेच्या अलीकडे.

मराठीभाषकाची सर्वांत मोठी गफलत या शेवटच्या काळात होते. ‘मी काल मुंबईला गेलो होतो’ हे मराठीत स्वयंपूर्ण वाक्य आहे. माणूस जाऊन परतला, एवढे त्यातून कळते. त्यावरून ‘आय हॅड गॉन टू मुंबई यस्टरडे’ एवढेच म्हटले, तर इंग्रज श्रोता पुढच्या वाक्याची वाट पाहतो: कशाच्या आधी गेला होता? नुसती हकिगत सांगायची असेल तर ‘आय वेंट’ हेच बरोबर. ‘हॅड’ची खरी गरज दोन भूतकालीन घटनांचा क्रम लावताना पडते. ‘व्हेन द पोलीस केम, द थीफ हॅड लेफ्ट’ म्हणजे चोर आधीच निसटला होता; ‘द थीफ लेफ्ट’ म्हटले तर पोलीस आल्यावर तो निघून गेला, असा अर्थ लागतो. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’मुळे क्रम उघड असेल, तर साधा भूतकाळही पुरतो.

‘मी कालच आलो आहे’ हेही मराठीत सहज चालते. इंग्रजीत ‘आय हॅव कम यस्टरडे’ चालत नाही, कारण ‘यस्टरडे’ संदर्भक्षण कालवर नेतो आणि ‘हॅव’ तो आजवर धरून ठेवतो. संपलेल्या वेळेचा उल्लेख आला की साधा भूतकाळ घ्यावा. सकाळ चालू असताना ‘हॅव यू सीन हिम धिस मॉर्निंग?’ आणि दुपारी ‘डिड यू सी हिम धिस मॉर्निंग?’ असे विचारतात, त्याचे कारण हेच. अमेरिकेत मात्र ‘आय ऑलरेडी एट’ सर्रास बोलतात, तिथे ब्रिटिश माणूस सहसा ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’ म्हणेल. दोन्ही ग्राह्य आहेत.

‘मी पाच वर्षांपासून पुण्यात राहतो’ यातल्या वर्तमानकाळामुळे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे चुकीचे वाक्य तयार होते. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या स्थितीला ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवे. कालावधीला ‘फॉर’ आणि आरंभबिंदूला ‘सिन्स’. ‘नो’सारखी जाणिवेची क्रियापदे तर चालू काळात सहसा येतच नाहीत, त्यामुळे ‘आय अ‍ॅम नोइंग’ टाळावे.

‘तो आला की सांगेन’ यात येणे पुढे घडायचे असूनही मराठी भूतकाळी रूप वापरते. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ येतो: ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. अशा ‘व्हेन’नंतर ‘विल’ येत नाही.

राहिले अप्रत्यक्ष कथन. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ यात मराठी बोलणाऱ्याचा वर्तमानकाळ तसाच ठेवते. इंग्रजी मुख्य क्रियापदाच्या भूतकाळाबरोबर गौण वाक्यही मागे नेते: ‘ही सेड ही वॉज इल’. सांगणाऱ्याला ती गोष्ट आजही खरी आहे असे म्हणायचे असेल, तर ‘ही सेड ही इज इल’ चालते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यासारख्या नित्य सत्यांनाही वर्तमानकाळच शोभतो.