हिरड्यांसाठी वीस मिलिग्रॅम

दात घासताना रक्त येतं, हिरड्या सुजतात, मग खाली सरकतात आणि दात लांब दिसू लागतात. आपण याला पायोरिया म्हणतो. अशा वेळी मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून घेणारे पुष्कळ असतात. आज सांगायचंय ते एका वेगळ्या गोळीबद्दल. आहे ती अँटिबायोटिकच, पण जंतू मारण्यासाठी दिलीच जात नाही.

हे औषध म्हणजे डॉक्सिसायक्लिन. संसर्ग झाला तर ते साधारण 100 मिलिग्रॅमच्या मात्रेत देतात. हिरड्यांसाठी मात्र 20 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, काही महिने. एवढ्याशा मात्रेनं जंतू मरत नाहीत. मग उपयोग काय?

दाताच्या मुळाशी कीटण साचलं की जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येतात. त्यांच्यातून कोलॅजिनेज नावाचं विकर सुटतं. दात हाडाशी बांधून ठेवणारे तंतू कोलॅजेनचेच, आणि हे विकर नेमके तेच तोडतं. म्हणजे दात हलायला लागतो त्यात आपल्याच शरीराचा मोठा हात असतो. अमेरिकेत स्टोनी ब्रूक इथं लॉर्न गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात मधुमेही उंदरांवर प्रयोग केले. त्यातले काही उंदीर पूर्ण जंतुरहित वातावरणात वाढवलेले होते. मारायला जंतूच नव्हते, तरी डॉक्सिसायक्लिनच्याच गटातल्या मिनोसायक्लिननं त्यांच्या हिरड्यांमधलं कोलॅजिनेज उतरलं! हा प्रयोग मला फार देखणा वाटतो. पुढं 1998 साली अमेरिकेत या 20 मिलिग्रॅमच्या मात्रेला मान्यता मिळाली, पण स्केलिंग आणि रूट प्लेनिंग, म्हणजे दातांच्या मुळापर्यंतच्या सफाईच्या जोडीनंच.

फायदा किती? अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या 2015च्या मार्गदर्शिकेत, हिरडी दाताला पुन्हा किती धरते या मापानं, तो नुसत्या सफाईपेक्षा सरासरी एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास धरलाय. युरोपातल्या तज्ज्ञांनी तर 2020मध्ये ही गोळी न वापरण्याचाच सल्ला दिला. म्हणून माझं मत असं, की ही गोळी सरसकट सगळ्यांसाठी नाही. कुणाला द्यायची ते हिरड्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं. स्केलिंगनं दात सैल होतात या भीतीनं सफाई टाळून तर ती मुळीच घेऊ नये. तसं केलं तर कीटण तिथंच राहतं.

आणि घरातली 100ची गोळी मोडून तुकडे घेऊ नका, त्यातून नेमकी मात्रा मिळत नाही. गरोदर बायांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ही देत नाहीत. डॉक्टरांनी लिहून दिलीच, तर पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. अन्ननलिकेत अडकली तर जळजळ होते. कडक उन्हात त्वचा लाल होऊ शकते, तेव्हा शेतावर जाताना अंग झाकून जा. मिश्री लावत असाल, तर ती आजच बंद करा.