तक्रारवहीची मागची बाजू

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात केलेले भाषण)



कमिटीने मला जुन्या आठवणी सांगायला बोलावलंय. म्हणून ऑफिसच्या कपाटातून जुनी तक्रारवही काढून वाचली. गळती, पार्किंग, टँकर उशिरा आला, वरच्यांच्या कुंड्यांचं पाणी खालच्यांच्या वाळवणावर. वही भरलेली, पण कोणाबद्दल चांगलं असं एक अक्षर नाही. आणि सतरा ठिकाणी सही माझी!

आता मी ख्रिस्ती घरात वाढलेला. लहानपणी संध्याकाळची रोझरी झाली की आई विचारायची, "आज तुझं कोणी काय बरं केलं?" 'काही नाही' हे उत्तर चालत नसे. 'सगळे चांगले वागले' हेही नाही. नाव सांगायचं, काय केलं ते सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसालाही सांगायचं. शेवटचं सर्वांत अवघड.

पुढे कळलं की ही फक्त आईची शिस्त नव्हती. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाचा झाडा घ्यायची एक पद्धत घालून दिली. तिच्यात पहिली पायरी आभारांची. चुकांचा हिशेब नंतर. संत पौलाचं करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र पाहा. त्या मंडळीत गट पडलेले, आपसात कोर्टकचेऱ्या चाललेल्या (आपली वार्षिक सभाच म्हणा ना!). पौल पुढे त्यांची चांगली कानउघाडणी करतो; पण सुरुवात करतो ती त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानून.

कोणी म्हणेल, मग गळतीचंही कौतुक करायचं का? मुळीच नाही. आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो आठवा. 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले म्हणून सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले. 2024 मध्ये गेले. 'सुवार्ता' मासिकाचं संपादन त्यांनी बरीच वर्षं केलं. वसईच्या हिरवाईवर त्यांनी मायेनं लिहिलं आणि तीच हिरवाई वाचवायला हरित वसई संरक्षण समितीच्या आंदोलनात ते पुढेही उभे राहिले. चांगलं काय आहे ते नीट पाहिलेलं असलं, तर ते मोडताना गप्प बसवत नाही. खोटी स्तुती करणाऱ्याला कशाचंच काही वाटत नसतं.

मी मात्र गप्पच बसलो, आणि तेही चुकीच्या जागी. 2018चा जुलै आठवतोय? वसईत पाणी भरलं, गाड्या बंद, वीज गेलेली. त्या रात्री मी गॅलरीतून पाहिलं, पहिल्या मजल्यावरचे काका गुडघाभर पाण्यात एकटेच खाली उतरलेत. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाभोवती रेतीची पोती रचतायत, प्लास्टिक बांधतायत. वय सत्तरीच्या पुढे. मी पाहिलं आणि आत येऊन झोपलो. टाकीत गटाराचं पाणी गेलं नाही. आपण सगळे ते पाणी प्यालो.

त्या आठवड्यात वहीत माझी नोंद आहे: 'लिफ्ट तीन दिवस बंद. कमिटीने लक्ष द्यावे.'

काका 2021मध्ये कोरोनात गेले. वही वाचली त्याच संध्याकाळी मी काकूंकडे गेलो आणि सगळं सांगितलं, झोपायला गेलो तेसुद्धा. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ओलेचिंब वर आले आणि मला म्हणाले, कोणी पाहिलं नाही ते बरं झालं, या वयात चिखलात खेळतोय म्हणून हसले असते. तुम्ही पाहिलं होतंत होय? त्यांना सांगायचं होतं हो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

घरी येऊन मी वही उलटी केली आणि मागच्या बाजूने लिहायला घेतली. पहिली नोंद काकांची, तारीख टाकून. दुसरी आपल्या जिना पुसणाऱ्या ताईंची. परवा पावसात तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा हात धरून त्यांनी आजींना रिक्षापर्यंत नेलं. ताई, तुम्ही दारात उभ्या आहात, आत या, इथे खुर्ची आहे. तुम्हाला समोर सांगायचं राहिलं होतं.

वही चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. पेन दोरीने बांधलंय, कारण आधीचं कोणीतरी नेलं. त्याची तक्रार पुढच्या बाजूला लिहिली आहे.