बंदिश आणि उपज : स्वागताध्यक्षीय भाषण

बंदिश आधी बांधलेली असते आणि उपज मैफलीत सुचते, ही विभागणी ख्याल शिकवताना सोयीची आहे. प्रत्यक्ष गाण्यात ती टिकत नाही. स्थायी-अंतरा काही मिनिटांत म्हणून होतो, ख्याल उभा राहतो तो बढतीतून. पण ही बढत मोकाट नसते. मुखडा कुठून उचलायचा, न्यास कोणत्या स्वरावर, रागाचे चलन कुठे वळते, हे बरेचसे बंदिशीनेच सुचवलेले असते. उलट, एकाच गुरूची बंदिश दोन शिष्यांच्या गळ्यात तंतोतंत एकच राहत नाही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घराण्यांतल्या बंदिशी स्वरलिपीत आणल्या. हे ऋण न फिटणारे आहे. तरीही स्वरलिपीत बंदिशीचे एकच रूप उतरते. मींड, कण आणि लयीशी होणारी लपाछपी गाणाऱ्यालाच भरावी लागते.

तबल्यात तर या भेदाला नावेच आहेत. पेशकार, कायदा, रेला या विस्तारक्षम रचना. गत, तुकडा, चक्रदार या अविस्तारक्षम. मात्र कायद्याचे बरेच पलटे रियाजात घोटलेले असतात. त्यांतले कोणते, कोणत्या क्रमाने आणि तिहाई कधी, एवढेच अनेकदा मंचावर ठरते. याला उत्स्फूर्त म्हणावे की रचित, याचे उत्तर वादकागणिक बदलते.

ध्वनिमुद्रणाने गुंता आणखी वाढवला. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीच्या तीनेक मिनिटांत बसली आणि तिच्यातल्या जागा पुढच्या पिढ्यांनी जशाच्या तशा उचलल्या. गाताना घेतलेली जागा अशी पाठांतराची वस्तू झाली.

मराठी रंगभूमीवर नेमका उलटा प्रवास घडला. १९१६ च्या ‘संगीत स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या अनेक चाली रागदारी बंदिशींवर बेतलेल्या होत्या. बालगंधर्व ‘वन्समोअर’ला तेच पद पुन्हा गात, तेव्हा त्यात नव्या जागा येत. पदाचा कर्ता, चालीचा कर्ता आणि त्या रात्रीचा गायक यांच्यात श्रेय कसे वाटावे, हा प्रश्न म्हणूनच आजही खरा आहे, आणि स्वामित्वहक्काच्या कायद्यापुढे तो अधिकच अवघड होतो.

या प्रश्नांचा ऊहापोह करण्यासाठी आलेल्या बंदिशकारांचे, गायक-वादकांचे, अभ्यासकांचे आणि रसिकांचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते.