भूमी बुडाली तर राष्ट्र उरते काय?

(व्याख्यानाची संहिता)



राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अभ्यासकांनी बराच काळ एका ठरावीक चौकटीत दिले. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राज्याची चार लक्षणे सांगितली गेली: कायम लोकसंख्या, निश्चित भूप्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्या काळी कुणाच्या मनातही आले नसेल की, यांपैकी दुसरे लक्षणच एखाद्या देशाच्या पायाखालून सरकू लागेल. परचक्राने राज्ये बुडाल्याची उदाहरणे इतिहासाच्या पानोपानी आहेत. समुद्राच्या पाण्याने राज्य बुडण्याची शक्यता मात्र मानवजातीसमोर आताच उभी राहिली आहे. हवामान-धोरण, स्थलांतर आणि जागतिक सत्तास्पर्धा हे तीन वेगवेगळे वाटणारे विषय या एका प्रश्नात येऊन मिळतात.

तुवालूची कहाणी

प्रशांत महासागरात ऑस्ट्रेलिया आणि हवाई यांच्या दरम्यान तुवालू नावाचा देश आहे. नऊ बेटे, अवघे २६ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि दहा-अकरा हजार लोकसंख्या. १९७८ साली तो ब्रिटिशांच्या अमलातून मुक्त झाला आणि २००० साली संयुक्त राष्ट्रांचा सदस्य बनला. देशाची बहुतांश भूमी समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आहे. मागील तीस वर्षांत तेथील समुद्रपातळी सुमारे १५ सेंटीमीटरने वाढल्याचे 'नासा'च्या शास्त्रज्ञांनी २०२३ साली सांगितले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. बेटे दरवर्षी आक्रसत आहेत, असे सरसकट म्हणणे शास्त्राला धरून नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या हवाई छायाचित्रांच्या तुलनेवरून असे आढळले की, १९७१ ते २०१४ या काळात तुवालूचे एकूण क्षेत्रफळ सुमारे तीन टक्क्यांनी वाढलेच होते. लाटा प्रवाळाची वाळू एकीकडून उचलतात आणि दुसरीकडे आणून टाकतात. परंतु क्षेत्रफळ टिकले म्हणजे जीवन टिकले, असे नव्हे. भरतीचे खारे पाणी जमिनीखालून वर येते, गोड्या पाण्याचा साठा बिघडतो आणि खड्डे खणून त्यांत लावला जाणारा पुलाका, म्हणजे आपल्या अळकुडीच्या जातीचा कंद, कुजू लागतो. देश नकाशावरून पुसला जाण्याच्या पुष्कळ आधी तो राहण्यास अयोग्य ठरतो, ही यातील खरी व्यथा.

तुवालूचे लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. राजधानी फुनाफुटी येथे भराव घालून सुमारे सात हेक्टर नवी उंच भूमी त्यांनी निर्माण केली. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेसाठी त्यांचे मंत्री सायमन कोफे यांनी गुडघाभर समुद्रात उभे राहून भाषण ध्वनिचित्रित केले, ते जगभर पाहिले गेले. २०२३ साली त्यांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ठेवली, की भूमीचे काहीही झाले तरी तुवालूचे राज्यत्व शाश्वत राहील.

फालेपिली करार: आश्रय आणि त्याची किंमत

९ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलिया आणि तुवालू यांच्यात 'फालेपिली' करार झाला. तुवालूच्या भाषेत हा शब्द शेजारधर्माचा वाचक आहे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी करार अमलात आला. त्यानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम वास्तव्याचा, शिक्षणाचा, नोकरीचा आणि आरोग्यसेवेचा अधिकार मिळतो. २०२५ च्या मध्यास पहिली सोडत निघाली, तेव्हा कुटुंबीयांसह तब्बल ८,७५० जणांची नोंदणी झाली. म्हणजे देशातील पाचांपैकी चार माणसांनी, निदान एक दार उघडे असावे म्हणून, नाव घातले.

परंतु याच कराराचे चौथे कलम वाचणे अगत्याचे आहे. अन्य कोणत्याही देशाशी सुरक्षा वा संरक्षणविषयक करार करावयाचा असल्यास तुवालूला ऑस्ट्रेलियाची सहमती घ्यावी लागेल. यामागे प्रशांत महासागरातील चीनचे वाढते पाऊल आहे. एप्रिल २०२२ मध्ये चीनने सॉलोमन बेटांशी सुरक्षा करार केला. जानेवारी २०२४ मध्ये नाऊरूने तैवानशी संबंध तोडून बीजिंगशी जोडले. तैवानला मान्यता देणाऱ्या मोजक्या देशांत तुवालू आहे. लहान देशाचे मत संयुक्त राष्ट्रांत मोठ्या देशाच्या मताइतकेच मोजले जाते आणि त्याच्या सभोवतीचे लाखो चौरस किलोमीटरचे सागरी क्षेत्र मासेमारीच्या व सामरिक दृष्टीने मोलाचे असते.

तुवालूत यावर मोठा वाद झाला. स्वातंत्र्याचा एक अंश गहाण टाकून आश्रय विकत घेतला, असे माजी पंतप्रधान एनेले सोपोआगा यांच्यासारख्या टीकाकारांचे म्हणणे. संकटात धावून येणारा शेजारी कायद्याने बांधून घेतला यात गैर काय, असे समर्थकांचे म्हणणे. करारावर सही करणारे पंतप्रधान कौसेआ नाटानो जानेवारी २०२४ च्या निवडणुकीत आपली जागाच गमावून बसले. मात्र नंतर आलेल्या फेलेटी टेओ यांच्या शासनानेही करार मोडला नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. ज्या देशाचा कोळसा आणि वायू जगभर निर्यात होतो, त्याच देशाच्या दारात बुडणाऱ्याने उभे राहावे, हा विरोधाभास तर कुणालाही झाकता येणार नाही.

'निर्वासित' कोणास म्हणावे?

वृत्तपत्रांत 'हवामान-निर्वासित' हा शब्द सर्रास वापरला जातो. कायद्यात असा कोणी अस्तित्वात नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाच कारणांवरून छळ होण्याचे रास्त भय असेल, तोच निर्वासित. समुद्र कुणाचा धर्म विचारून छळ करीत नाही. म्हणून तो या व्याख्येत बसत नाही. किरिबाती या शेजारी देशाच्या एका नागरिकाने याच आधारावर न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. २०१५ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्याच्या विरुद्धच निर्णय दिला; पण परिस्थिती जीवघेणी झाल्यास माणसाला तेथे परत पाठविणे अवैध ठरू शकेल, हे तत्त्व तिने मान्य केले. २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने एकमताने दिलेल्या सल्लागार अभिप्रायात याच तत्त्वाला दुजोरा मिळाला. भूप्रदेशासारखे एखादे लक्षण लोपले म्हणून स्थापित राज्याचे राज्यत्व आपोआप संपेलच असे नाही, असेही न्यायालयाने नमूद केले. वानुआतू या चिमुकल्या देशाने हा विषय न्यायालयापर्यंत नेला आणि त्याचे बीज दक्षिण प्रशांत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २०१९ साली रोवले होते, ही गोष्ट तरुणांनी विशेष लक्षात ठेवावी.

शब्द जपून वापरावा याला आणखी एक कारण आहे. स्थलांतराच्या मागे क्वचितच एकच कारण असते. सीरियातील यादवीचे मूळ २००६ नंतरच्या दुष्काळात आहे, असा सिद्धांत २०१५ मध्ये फार गाजला. त्याच वर्षी युरोपात आश्रयार्थींचे लोंढे आले होते. नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले की, इंधनावरील सवलतीत झालेली कपात, भूजलाचा बेसुमार उपसा आणि शासनाचा जुलूम यांना वगळून केवळ पावसाला दोष देणे म्हणजे राज्यकर्त्यांना मोकळे सोडणे होय.

श्रीमंतांचे वायदे

हवामान-स्थलांतरितांचे लोंढे युरोप-अमेरिकेवर कोसळतील, ही भीती पाश्चात्त्य राजकारणात वरचेवर घातली जाते. जागतिक बँकेच्या २०२१ च्या अहवालाने वेगळेच चित्र मांडले. २०५० पर्यंत २१ कोटी ६० लाखांपर्यंत माणसे घर सोडतील. परंतु ती आपापल्या देशातच सरकतील. त्याच अहवालाप्रमाणे वेळीच उपाय केल्यास हा आकडा ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतो. मग प्रश्न उरतो, उपायांचा पैसा कुणी द्यावा?

२००९ मध्ये कोपनहेगन येथे विकसित देशांनी २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर देण्याचे वचन दिले. त्यांच्याच हिशेबाप्रमाणे ते २०२२ मध्ये पुरे झाले, आणि त्यातही मोठा वाटा कर्जाचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरचा आकडा घाईने मंजूर करण्यात आला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने भर सभेत आक्षेप नोंदविला. अमेरिका पॅरिस करारातून एकदा बाहेर पडली, २०२१ मध्ये परतली आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. ज्याचे ऐतिहासिक उत्सर्जन सर्वाधिक, तोच दर चार वर्षांनी वचन फिरवतो, अशा वेळी बुडणाऱ्याने विश्वास कुणावर ठेवावा?

भारताचे दरडोई कार्बन उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. तरीही २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय भारताने ग्लासगो येथे जाहीर केले. त्याच परिषदेत बेट-राष्ट्रांच्या आपत्तिरोधक बांधणीसाठीच्या उपक्रमात पुढाकार घेतला. फिजीत गिरमिटियांच्या रूपाने १८७९ पासून भारतीय रक्त नांदत आहे. त्याच फिजीत २०१४ साली वुनिदोगोलोआ हे गाव समुद्रामुळे आतल्या भूमीवर हलवावे लागले. हा विषय आपल्याला परका नाही.

घरातील स्थलांतर

आणि परदेशी कशाला जावे? सुंदरबनात लोहाचरा हे वस्तीचे बेट नाहीसे झाले, घोडामारा झिजत चालले आहे. २००९ च्या 'आयला' वादळाने शेतांत खारे पाणी भरले आणि कर्ते पुरुष मजुरीसाठी दक्षिणेत निघून गेले. ओडिशातील सातभाया येथील ग्रामस्थांना बागपटिया येथे वसवावे लागले. पंधराव्या वित्त आयोगाने धूप झाल्याने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. ती आवश्यक सुरुवात होती. परंतु निधी गावापर्यंत पोहोचण्यासाठी, गाव उठण्यापूर्वी आराखडा तयार असावा लागतो.

महाराष्ट्रालाही हे दुःख ठाऊक आहे. बीड जिल्ह्यातून दर हंगामात मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघणारा 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कोरडवाहू शेती आणि कर्ज यांच्या कात्रीत सापडून जाते. मुलांची शाळा मागे राहते. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते दृश्य अजून विस्मरणात गेलेले नाही.

मात्र महाराष्ट्राने एकदा मार्गही दाखविला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप मिळाले. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते यांची कामे गावाजवळ मिळाली आणि हजारो कुटुंबांना गाव सोडावे लागले नाही. 'हवामान-अनुकूलन' हा शब्द जन्मण्यापूर्वी झालेले ते अनुकूलनच होते.

यातून धोरणाचा क्रम स्पष्ट होतो. माणसाला त्याच्या भूमीवर सन्मानाने राहता यावे, यासाठी पहिला पैसा खर्च व्हावा. जेथे राहणे अशक्यच असेल, तेथे एकेकट्याने पांगण्याऐवजी शाळा, देवस्थान आणि शेजार यांसह संपूर्ण गाव हलावे. आणि आश्रय देणाऱ्याने त्याच्या मोबदल्यात आश्रिताचे स्वातंत्र्य मागू नये. तुवालूचा माणूस ब्रिस्बेनला गेला तर त्याला घर मिळेल, नोकरी मिळेल. त्याची भाषा, त्याची गाणी आणि पूर्वजांच्या दफनभूमीवर दिवा लावण्याचा अधिकार कुठे मिळणार, याचे उत्तर कोणत्याही करारात नाही. ते उत्तर देण्याची वेळ कुणावर येऊ नये, इतके काम आज जगासमोर, आणि आपल्या गावासमोरही, उभे आहे.